संघ विकायला निघतो तेव्हा

मे २०१३. पुण्याजवळ गहुंज्याच्या मैदानावर घरचे सामने खेळणारा ‘पुणे वॉरियर्स’ हा आयपीएलचा संघ नऊ संघांत आठवा आला. १६ सामन्यांत अवघे चार विजय. फ्रँचायझीच्या रकमेवरून बीसीसीआयशी बिनसलेल्या सहारा समूहाने २१ मे रोजी स्पर्धेतून अंग काढून घेतले. ऑक्टोबरमध्ये फ्रँचायझी रद्द झाली आणि पुण्याच्या नावाचा तो संघ कायमचा पुसला गेला.

त्याच मे महिन्यात कॅलिफोर्नियाच्या राजधानीत, सॅक्रामेंटोत, आणखी एका संघाचे भवितव्य टांगणीला लागले होते. ‘सॅक्रामेंटो किंग्ज’ हा एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगमधला बास्केटबॉल संघ. ८२ सामन्यांत २८ विजय आणि ५४ पराभव, असा मोसम नुकताच संपलेला. मालक संघ विकायला निघालेले आणि गिऱ्हाईक तो उचलून सिअ‍ॅटलला न्यायच्या तयारीत. हा संघ मात्र टिकला. त्याचे नवे प्रमुख मालक झाले मुंबईत जुहूला वाढलेले, पुढे एमआयटीत शिकून संगणक व्यवसायात नाव कमावलेले विवेक रणदिवे.

गंमत पुढेच आहे. नवा मालक आला, नवा प्रशिक्षक आला, नवा जनरल मॅनेजर आला. पुढच्या मोसमात किंग्जने किती सामने जिंकले? पुन्हा २८.

मैदानात खेळतात ते खेळाडू. मग मालक जाण्या-येण्याने संघ खचतो कसा? आणि पैसेवाला, उत्साही मालक मिळूनही तो लगेच उभा का राहत नाही? किंग्जची गोष्ट नीट उलगडली तर दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते. निर्णय घेणारा माणूस किती लांबचे पाहून निर्णय घेतो, यावर संघाचे बरेवाईट ठरते. मालकबदलात पैशाआधी बदलतो तो हा नजरेचा पल्ला.

विकले जाते ते नेमके काय?

किंग्ज म्हणजे काही इमारत नव्हे, खेळाडूही नव्हेत. खेळाडू करार संपला की जातात. विकला जातो तो एक हक्क: एनबीएच्या ३० संघांपैकी एक असण्याचा. या हक्कालाच फ्रँचायझी म्हणतात.

युरोपातल्या फुटबॉलमध्ये तळाचा संघ खालच्या लीगमध्ये ढकलला जातो. एनबीएत तसे नाही. कितीही हरा, पुढच्या वर्षी तुमची जागा पक्की. शिवाय देशभरच्या टीव्ही प्रक्षेपणाचे पैसे सर्व संघांत सारखे वाटले जातात. २०१४ मध्ये लीगने नऊ वर्षांसाठी सुमारे २,४०० कोटी डॉलरचा प्रक्षेपण करार जाहीर केला. त्यात विजेत्याचा वाटा जेवढा, तेवढाच तळाच्या संघाचा.

म्हणून हरणारा संघही महाग विकला जातो. २०१३ मध्ये किंग्जची किंमत सुमारे ५३ कोटी डॉलर धरली गेली. तोवर एनबीएतल्या कोणत्याही संघाला एवढा भाव आला नव्हता. आधीचा विक्रम गोल्डन स्टेट वॉरियर्सचा होता, २०१० मध्ये ४५ कोटींचा. सलग सात वर्षे बाद फेरीचे तोंडही न पाहिलेल्या संघाने तो मोडला.

या व्यवस्थेचा दुसरा परिणाम लगेच जाणवत नाही. जिंकण्याहरण्याचा विक्रीच्या भावाशी फारसा संबंध उरला नाही, की विकणाऱ्याला यंदा जिंकण्याची निकडही उरत नाही. घोडे पेंड खाते ते इथेच.

अधांतरी गेलेला मोसम

किंग्ज हा काही जन्मतः दुबळा संघ नव्हता. रॉचेस्टर, सिनसिनाटी आणि कॅन्सस सिटी असा प्रवास करत तो १९८५ मध्ये सॅक्रामेंटोत आला. १९९९ मध्ये मालूफ कुटुंबाकडे त्याची सूत्रे आली आणि २००१-०२ च्या मोसमात त्याने ६१ सामने जिंकले. या शहराला ‘गुराख्यांचे गाव’ म्हणून हिणवले गेले, तेव्हा प्रेक्षकांनी गाईच्या गळ्यातल्या घंटा आणून स्टेडियम दणाणून सोडले. ती प्रथाच पडली.

पुढे मंदीत मालूफ कुटुंबाचे धंदे अडचणीत आले. लास व्हेगासमधला त्यांचा पाम्स कॅसिनो २०११ मध्ये हातचा गेला. त्याच वर्षी संघ अनाहाइमला हलवायच्या हालचाली सुरू झाल्या. १३ एप्रिल २०११ ला लेकर्स या संघाविरुद्धचा सामना हा सॅक्रामेंटोतला शेवटचा सामना, असेच सगळे धरून चालले होते. जादा वेळेत किंग्ज हरले. सामना संपला तरी लोक उठेनात, दिवे मंद झाले तरी खुर्च्यांवर बसून घोषणा देत राहिले. त्या वर्षी संघ गेला नाही. २०१२ च्या सुरुवातीला नव्या स्टेडियमसाठी तत्त्वतः करार झाला, तोही एप्रिलमध्ये मालकांनी मोडला. आणि २०१३ च्या जानेवारीत, मोसम ऐन भरात असताना, मालूफ कुटुंबाने आपला हिस्सा ख्रिस हॅन्सन आणि मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांच्या गटाला विकायचे ठरवले. २००८ मध्ये सिअ‍ॅटलचा संघ ओक्लाहोमा सिटीला गेला होता, त्याची जागा किंग्जने भरायची, असा बेत होता.

अशा अधांतरी काळात संघाचे आतून काय होते, हे समजायला भोपाळच्या महाराणा प्रताप नगरात जाऊ. एमपी नगरच्या झोन-१ आणि झोन-२ मध्ये कोचिंग क्लासच्या पाट्यांची दाटी आहे. समजा, त्यातला एक क्लास सत्राच्या मध्यावर विकायला निघाला. पाटी तीच, वर्ग तेच, मुलेही तीच. पण मालक बिघडलेला एसी दुरुस्त करत नाही, कारण खर्च त्याचा आणि गारवा पुढच्याचा. फिजिक्सचे सर शेजारच्या क्लासशी बोलणी करू लागतात. पालक पूर्ण वर्षाची फी भरायला कचरतात. यात कोणीच चुकीचे वागत नाही, जो तो आपापल्या जागी शहाणपणानेच वागतो. तरी शिकवणे खालावते. आणि त्याचा फटका या वर्षी दिसतही नाही. आज अकरावीत असलेली मुले दोन वर्षांनी प्रवेश परीक्षेला बसतात, तेव्हा तो निकालात उमटतो.

किंग्जचे हेच झाले. प्रशिक्षक कीथ स्मार्ट आणि १९९४ पासून संघबांधणी सांभाळणारे जेफ पेट्री, दोघांनाही पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही याचा भरवसा नव्हता, आणि नव्या मालकांच्या काळात दोघेही राहिले नाहीत. ज्या प्रशिक्षकाची स्वतःचीच खुर्ची डळमळते, तो विशीतल्या पोराला चुका करत शिकायला वेळ देत नाही. आज जिंकून देईल त्यालाच खेळवतो. प्रेक्षकही दुरावतात. पुढच्या वर्षी संघ शहरात असेल की नाही याची खात्री नसेल, तर मोसमाचे तिकीट कोण काढणार? त्या वर्षी प्रेक्षकसंख्येत किंग्ज लीगच्या तळाशी होते.

एक व्यवहार जवळून पाहू. २०१२ च्या ड्राफ्टमध्ये किंग्जने पाचव्या क्रमांकावर थॉमस रॉबिन्सनला निवडले होते. ड्राफ्ट म्हणजे नव्या खेळाडूंची पाळीपाळीने निवड. त्यात हरणाऱ्या संघांचा नंबर आधी लागतो, आणि पहिले काही क्रमांक सोडतीने ठरतात. पाचवी निवड म्हणजे दुबळ्या संघाचे भविष्यातले भांडवलच. पण पहिला मोसम पुरा व्हायच्या आत, फेब्रुवारी २०१३ मध्ये, किंग्जने रॉबिन्सनला ह्यूस्टनला देऊन टाकले. बदल्यात काही खेळाडू आले, वर रोख रक्कमही मिळाली आणि पगाराचा बोजा हलका झाला.

रॉबिन्सन पुढे मोठा खेळाडू झाला नाही, हे खरे. त्या हिशेबाने हा सौदा फार महागात पडला असे म्हणता येणार नाही. पण निर्णयाची वेळ बघा. हा मुलगा चार वर्षांनी काय होईल, याची चिंता चार वर्षांनी इथे असणाऱ्याने करायची असते, आणि तसा कोणी त्या खोलीत नव्हताच.

विक्रीवर शेवटचा शब्द कोणाचा?

संघ मालूफ कुटुंबाचा, घेणारे तयार, किंमतही ठरलेली. मग सौदा अडला कुठे?

एनबीएत संघ विकायचा तर लीगच्या बोर्ड ऑफ गव्हर्नर्सची, म्हणजे सर्व ३० संघांच्या प्रतिनिधींची, मंजुरी लागते. विक्रीला तीन-चतुर्थांश मते, म्हणजे किमान २३. संघ दुसऱ्या गावी हलवायचा तर साधे बहुमत. याचा अर्थ, मालक संघाचा धनी असला तरी तो कोणाच्या हाती द्यायचा आणि कोणत्या गावात ठेवायचा, हे एकट्याने ठरवू शकत नाही.

हीच फट सॅक्रामेंटोचे तेव्हाचे महापौर केव्हिन जॉन्सन यांनी हेरली. ते स्वतः एनबीएत फिनिक्सकडून खेळलेले, त्यामुळे लीगचे मालक कोणत्या भाषेत विचार करतात हे त्यांना पुरते ठाऊक होते. त्यांनी संघ गावातच ठेवतील असे गुंतवणूकदार जमवायला घेतले. मार्चमध्ये रणदिवे या गटाचे प्रमुख झाले. गोल्डन स्टेट वॉरियर्समध्ये त्यांचा थोडा हिस्सा होता, तो त्यांना सोडावा लागला, कारण एनबीएत एकाच माणसाला दोन संघांत भागीदारी ठेवता येत नाही. २६ मार्चला नगर परिषदेने शहराच्या मध्यभागी नवे स्टेडियम बांधण्याच्या योजनेला ७ विरुद्ध २ मतांनी मान्यता दिली. शहराचा वाटा होता सुमारे २५ कोटी डॉलर.

सिअ‍ॅटलवाल्यांनी बोली वाढवत वाढवत संघाची किंमत ६२.५ कोटी डॉलरवर नेली. तरीही १५ मे २०१३ ला डॅलसच्या बैठकीत संघ हलवण्याचा प्रस्ताव २२ विरुद्ध ८ मतांनी फेटाळला गेला. महिनाअखेरीस रणदिवे यांच्या गटाचा व्यवहार पूर्ण झाला.

जास्त पैसे देणाऱ्याला इतर मालकांनी का नाकारले? कारण त्यांची नजर एका सौद्यापलीकडे होती. लीग शहरांना सांगत आली होती की तुम्ही स्टेडियमला हातभार लावा, संघ तुमच्याकडे राहील. सॅक्रामेंटोने तो लावला. तरीही संघ नेला असता, तर उद्या दुसऱ्या कोणत्या शहराने या शब्दावर विश्वास ठेवून तिजोरी उघडली असती? कोट्यधीशांच्या खेळघरासाठी लोकांचा पैसा घालावा का, हा प्रश्न रास्त आहे आणि सॅक्रामेंटोतही त्यावर कडाक्याचे वाद झाले. पण पैसे घालताना शहराने बदल्यात काही पदरात पाडून घेतले. संघाला ३५ वर्षांच्या कराराने गावाशी बांधून घेतले.

नवा मालक, तरी विजय २८च

रणदिवे यांच्याकडे पैसा होता, उत्साह होता, आणि शहर त्यांना डोक्यावर घेऊन नाचत होते. तरी पहिल्या वर्षी गुणतक्ता हलला नाही. कारण एनबीएची रचनाच अशी आहे की श्रीमंत मालकाला रातोरात संघ विकत घेता येऊ नये.

पहिला अडसर पगारमर्यादेचा. सर्व खेळाडूंच्या पगारावर मिळून किती खर्च करता येईल, याची कमाल पातळी लीग ठरवते. २०१२-१३ मध्ये ती सुमारे ५.८ कोटी डॉलर होती. काही सवलतींखाली ती ओलांडता येते, पण सुमारे ७ कोटींच्या पुढे गेले की लीगला जबर कर मोजावा लागतो. उलट बाजूने कंजुषीलाही आळा आहे: कमाल मर्यादेच्या ८५ टक्के रक्कम त्या वर्षी खर्च करावीच लागत होती. त्यामुळे सगळ्यात श्रीमंत आणि सगळ्यात काटकसरी मालकाच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक पडत नाही.

दुसरा अडसर जुन्या करारांचा. मालक बदलला म्हणून खेळाडूंचे करार संपत नाहीत. आधीच्या व्यवस्थापनाने दिलेले लांब मुदतीचे पगार नव्याच्या माथी येतात आणि मर्यादेतली जागा अडवून बसतात.

तिसरे कारण वयाचे. दुबळ्या संघाला सुधारायचा हुकमी मार्ग ड्राफ्टचा, आणि त्यातून येणारी मुले असतात १९-२० वर्षांची. ती पिकायला चार-पाच वर्षे लागतात. शिवाय पहिला क्रमांक कोणाला मिळणार हे सोडतीवर. तेव्हा सर्वांत तळाच्या संघालाही त्याची शक्यता २५ टक्केच होती; २०१९ मध्ये तर ती तळाच्या तीन संघांना प्रत्येकी १४ टक्के झाली.

थोडक्यात, आज घेतलेल्या चांगल्या निर्णयाचे फळ चार-पाच वर्षांनी हाती येते. आधीच्या मालकाच्या शेवटच्या वर्षांतले निर्णय नव्या मालकाच्या पहिल्या वर्षांत हरतात.

घाई नडते

पण खापर सगळे जुन्यांवर फोडून चालणार नाही. रणदिवे आल्यानंतरचे विजय पाहा: २८, २९, ३३, ३२, २७. पाच वर्षांत फरक जवळपास नाहीच. इथे दुसऱ्या टोकाची चूक दिसते. जाणारा मालक लांबचे पाहत नाही आणि येणाऱ्याला लांबचे आजच हवे असते.

सुरुवातच उलट्या क्रमाने झाली. सामान्यतः आधी जनरल मॅनेजर नेमतात आणि मग त्याच्या पसंतीचा प्रशिक्षक. किंग्जने आधी मायकेल मलोन यांना प्रशिक्षक केले आणि नंतर पीट डॅलेसँड्रो यांना जनरल मॅनेजर. संघ बांधणारा आणि संघ खेळवणारा यांनी एकमेकांना निवडलेच नव्हते. दुसऱ्या मोसमात मलोन यांच्या संघाची सुरुवात चांगली झाली. मग प्रमुख खेळाडू डीमार्कस कझिन्स मेंदूज्वराने आजारी पडला, पाठोपाठ पराभव आले आणि ११ विजय, १३ पराभव अशी स्थिती असताना, डिसेंबर २०१४ मध्ये, मलोन यांना काढले. संघाने अधिक वेगवान खेळ करावा अशी वरून अपेक्षा होती. त्या एकाच मोसमात किंग्जने तीन प्रशिक्षक पाहिले: मलोन, टायरोन कॉर्बिन आणि जॉर्ज कार्ल.

प्रत्येक नवा प्रशिक्षक नवी पद्धत आणतो. बचावात कोणी कुठे उभे राहायचे, चेंडू कोणाकडून फिरवायचा, इथून सगळे पुन्हा शिकायचे. तरुण खेळाडूचे एक वर्ष जुने विसरण्यात आणि एक नवे गिरवण्यात जाते. २०१३ ते २०२२ या नऊ वर्षांत किंग्जकडे सहा प्रशिक्षक येऊन गेले.

आता मलोन यांचे पुढे काय झाले ते बघू. २०१५ मध्ये डेन्व्हर नगेट्सने त्यांना घेतले. तिथेही पहिली तीन वर्षे संघ बाद फेरीत पोचला नाही. डेन्व्हरने त्यांना काढले नाही. दुसऱ्या फेरीत ४१ व्या क्रमांकावर निवडलेला निकोला योकिच त्यांच्या हाताखाली वाढत गेला, आणि २०२३ मध्ये डेन्व्हरने आपले पहिले विजेतेपद मिळवले. प्रशिक्षक तोच. एका ठिकाणी त्याला सव्वा मोसमाची मुदत मिळाली, दुसऱ्या ठिकाणी विजेतेपदापर्यंत आठ वर्षांची.

किंग्जलाही स्थैर्याची चव मिळाली, पण उशिरा. माइक ब्राउन प्रशिक्षक झाले आणि २०२२-२३ मध्ये संघाने ४८ सामने जिंकून सलग १६ मोसमांचा, एनबीएच्या इतिहासातला सर्वांत लांब, बाद फेरीविनाचा दुष्काळ संपवला. विजयानंतर स्टेडियमच्या छतावरून आकाशात जांभळा प्रकाशझोत सोडायची प्रथा त्याच मोसमात सुरू झाली. पण डिसेंबर २०२४ मध्ये ब्राउन यांनाही निरोप दिला गेला. जुनी सवय सुटायला वेळ लागतो.

रणदिवे यांच्या पदरात श्रेय नाही असे मुळीच नाही. संघ गावात राहिला, शब्द दिल्याप्रमाणे २०१६ मध्ये नवे स्टेडियम उभे राहिले. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्यात भारतातले पहिले एनबीए सामने झाले. पहिल्या सामन्यात प्रेक्षक होते शाळकरी मुले-मुली. पण मैदानावरचे यश उत्साहाने येत नाही. ते नेमलेल्या माणसाला काम करू देण्याने येते.

चौकट: थोडक्यात

• विकला जातो तो लीगमधल्या जागेचा हक्क. जागा पक्की आणि टीव्हीचे पैसे सारखे, म्हणून हरणारा संघही महाग असतो.
• विक्री रेंगाळली की मालक, प्रशिक्षक, खेळाडू आणि प्रेक्षक सगळेच जवळचे पाहू लागतात. नुकसान काही वर्षांनी दिसते.
• एनबीएत विक्रीला ३० पैकी २३ मते लागतात, संघ हलवायला साधे बहुमत.
• पगारमर्यादा, जुने करार आणि ड्राफ्ट यांमुळे नव्या मालकाला यश लगेच विकत घेता येत नाही.
• वारंवार प्रशिक्षक बदलल्याने हा काळ आणखी लांबतो.

पुण्याकडे काय नव्हते?

पुणे वॉरियर्सच्या वेळी सहारा आणि बीसीसीआय यांच्यात तंटा होता तो सामन्यांच्या संख्येवरून आणि रकमेवरून. बोली लावताना ९४ सामने गृहीत धरले होते, प्रत्यक्षात ७४ झाले. त्या वादात बरोबर कोण हा वेगळा विषय. पण त्या टेबलावर खुर्च्या दोनच होत्या, मालकाची आणि मंडळाची. पुण्याची खुर्ची नव्हती. संघ पुण्यात राहावा म्हणून महापालिकेने काही देऊ करावे किंवा मागावे, अशी सोयच व्यवस्थेत नव्हती.

पुण्याला दुसऱ्यांदाही तेच भोगावे लागले. २०१६ मध्ये ‘रायझिंग पुणे सुपरजायंट्स’ हा संघ आला तोच मुळी दोन वर्षांच्या बदलीचा. २०१७ च्या अंतिम सामन्यात तो मुंबई इंडियन्सकडून फक्त एका धावेने हरला आणि लगेच बरखास्त झाला. तळाजवळचा संघ गेला, तसाच अंतिम फेरीतलाही गेला. किंग्ज मात्र हरत हरत टिकले.

आपल्याकडे कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, फुटबॉल अशा शहरांच्या नावाने चालणाऱ्या लीग एकामागून एक उभ्या राहत आहेत. पोरे त्या नावांच्या जर्सी घालून गल्लीत खेळतात. म्हणून पुढच्या वेळी संघविक्रीची बातमी वाचाल तेव्हा किमतीच्या आकड्यावर थांबू नका. विक्री किती महिन्यांत मार्गी लागणार, नव्या मालकाने प्रशिक्षकाला किती वर्षांचा अवकाश दिला आणि ज्या शहराचे नाव संघ लावतो त्या शहराच्या हाती लेखी काय आहे, एवढे विचारा. शहराचे नाव वापरून तिकिटे विकायची असतील, तर संघ येताना आणि जाताना त्या शहराचे ऐकले गेले पाहिजे. हे लीगच्या नियमातच लिहिले गेले पाहिजे, आणि त्याची मागणी प्रेक्षकांनी संघ विकायला निघण्याच्या आधीच करायला हवी.